मोडक्या विमानाचा पंख वेल्डिंगने जोडता येत नाही

सांगली-कुपवाडच्या वर्कशॉपवाल्यांत आणि इंजिनिअरिंगच्या मुलांत एक दावा फिरतोय. १९६५ च्या ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’ या सिनेमात वाळवंटात कोसळलेल्या विमानातून दुसरं विमान बांधतात, ते सगळं तांत्रिकदृष्ट्या खरं आहे, चांगला वेल्डर आणि चेन ब्लॉक असला की एमआयडीसीतही जमेल.

‘सिनेमात ते खरंच उडालं.’ उडालं ते ओटो टिम यांनी चित्रीकरणासाठी वेगळं बांधलेलं विमान. इंजिन टी-६ टेक्सन या विमानाचं, पंख बीचक्राफ्ट १८ या दुसऱ्या विमानाचे. ८ जुलै १९६५ रोजी ते जमिनीला घासून मोडलं आणि वैमानिक पॉल मँट्झ यांचा जीव गेला. हे विमान पुरावा म्हणून दाखवताना ही बाजूही सांगायला हवी.

‘पंख वेल्ड करू.’ दाव्याचा सगळ्यात धोकादायक भाग हाच. अशा विमानांचा बराचसा सांगाडा ‘२०२४’ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या मिश्र ॲल्युमिनियमचा. आर्क किंवा गॅसने वेल्ड केला तर जोड थंड होतानाच तडकतो आणि शेजारचा पत्रा नरम पडतो. म्हणून तिथे रिव्हेट असतात. मग बोल्ट लावू? ढोबळ हिशेब करा. विमान ५,००० किलोचं धरलं तर एका पंखावर २,५०० किलो उचल. ती मुळापासून ४ मीटरवर आहे आणि स्पारची, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य आडव्या तुळईची, उंची ०.४ मीटर आहे असं समजा. स्पारच्या वरच्या पट्टीवर सुमारे २५ टन दाब, खालच्या पट्टीवर तेवढाच ताण. वळणात २ जी, म्हणजे वजनाच्या दुप्पट भार, आला की हे आकडेही दुप्पट. बोल्ट टिकतो, पण पातळ पत्र्यातलं भोक लांबट होतं. हातड्रिलने मारलेली भोकं सारखी नसतात. सगळा भार आधी एकाच बोल्टवर येतो, तिथून पत्रा फाटत जातो. रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) आणि जिग (भाग नेमक्या जागी धरणारा साचा) यांशिवाय हा जोड करूच नये.

‘काडतुसाने इंजिन सुरू होतं.’ काडतुसाच्या स्फोटाने इंजिन फिरवणारा स्टार्टर खरा आहे. पण बरेच दिवस उभ्या रेडियल (सिलिंडर गोलाकार मांडलेल्या) इंजिनात तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं. आधी इग्निशन बंद ठेवून पुढचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवायचा. अडला तर जोर लावायचा नाही. खालचे प्लग काढून तेल सांडू द्यायचं. नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो.

‘माणसं पंखावर आडवी पडून प्रवास करतील.’ उचलीचा मोठा वाटा पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरच्या कमी दाबातून येतो. तिथेच माणसं झोपवली की हवेचा प्रवाह पंखापासून सुटतो, उचल घटते, अडथळा वाढतो.

‘छोटी मॉडेल विमानं बनवणाऱ्याला मोठं विमानही जमतं.’ तत्त्व तेच, हे मात्र मान्य. गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण २५ ते ३० टक्क्यांवर, हा नियम दोन्हीकडे चालतो. पण आकार दुप्पट केला तर पंखाचं क्षेत्रफळ चौपट आणि वजन आठपट होतं. उडायला लागणारा वेगही सुमारे १.४ पट होतो.