पालिकेने हरकती पाठवल्या म्हणजे रेल्वेला विरोध केला का?

नव्या रेल्वेमार्गाचं सर्वेक्षण सुरू झालं की गावोगावच्या ग्रुपवर एकच मजकूर थोड्याफार फरकाने फिरू लागतो: "स्वागताचा ठराव करायचा सोडून आपल्या पालिकेने रेल्वेला हरकतींची यादी पाठवली. पालिकेची नाहरकत नसेल तर रेल्वे दुसऱ्या गावावरून जाईल. खर्च सगळा केंद्राचा, आपल्याला फुकटात गाडी आणि वर पालिकेला कर. पूल, गटारं, रस्ते यांचं नंतर बघता येईल." यातलं एकही विधान टिकत नाही, आणि शेवटचं तर गावाला फार महागात पडणारं आहे.

"नाहरकत नसेल तर रेल्वे दुसऱ्या गावावरून जाईल"

रेल्वे हा घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीतला, २२ व्या नोंदीचा विषय आहे. मार्ग कुठून न्यायचा, स्थानक कुठे बांधायचं, गाड्या किती सोडायच्या हे रेल्वे मंडळ ठरवतं. ते ठरवताना चढ, वळणं, पुलांची लांबी, भूसंपादनाचा खर्च आणि अपेक्षित वाहतूक पाहिली जाते. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम ११ नुसार मार्गबांधणीची कामं करण्याचा अधिकार रेल्वे प्रशासनाला थेट आहे, इतर कायद्यात काहीही म्हटलेलं असलं तरी. त्यामुळे पालिकेच्या नाहरकतीवाचून गाडी अडत नाही.

पालिका खरोखर काही रोखू शकते ती स्वतःच्या मालकीची जागा. ठाणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने डिसेंबर २०२० मध्ये बुलेट ट्रेनसाठी शिळ भागातली पालिकेची जागा देण्याचा प्रस्ताव फेटाळला होता. बातम्या खूप झाल्या, पण मार्ग ठाण्यातूनच राहिला. एका महापालिकेच्या स्पष्ट नकाराने जे झालं नाही, ते नगरपरिषदेच्या तांत्रिक हरकतींनी होईल ही भीती निराधार आहे.

"पूल, गटारं, रस्ते यांचं नंतर बघता येईल"

संदेशातलं हे सर्वांत घातक वाक्य आहे, कारण कायदा याच्या नेमका उलट आहे. कलम १६ प्रमाणे मार्गालगतच्या जमीनमालकांसाठी आणि वहिवाटदारांसाठी फाटकं, पूल, मोऱ्या, पाण्याच्या वाटा ही कामं रेल्वेने स्वतःच्या खर्चाने करायची असतात. मात्र मार्ग वाहतुकीला खुला होऊन १० वर्षं उलटली की अशा कामांचा खर्च करण्याची सक्ती रेल्वेवर करता येत नाही. आणि कलम १७ म्हणतं की स्थानिक प्राधिकरणाला रुळांवरून, खालून किंवा आडवा सार्वजनिक रस्ता वा दुसरं काम हवं असेल, तर ते कधीही मागता येईल, पण मागणाऱ्याच्या खर्चाने. यासाठी १० वर्षं थांबावंही लागत नाही. जो रस्ता मूळ नकाशात नाही, त्याचं बिल पालिकेच्या नावावर फाटण्याची वाट तिथेच मोकळी होते. म्हणून विकास आराखड्यातला प्रत्येक रस्ता, अजून कागदावरच असलेला २०३५ सालचा वळणरस्तासुद्धा, रेल्वेच्या नकाशावर साखळी क्रमांकासह (मार्गाच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरासह) दाखवून देणं हे नगररचना विभागाचं पहिलं काम आहे.

पाइपांचंही तसंच. रुळांसाठी मातीचा भराव टाकण्याआधी जलवाहिनी आणि मलवाहिनीसाठी रुळांखालून मोठ्या व्यासाचे केसिंग पाइप (ज्यांच्या आतून वाहिनी जाते ते बाहेरचे पाइप) टाकून ठेवायचे, तर उघड्या चरात काम होतं. तोच पाइप गाड्या सुरू झाल्यावर टाकायचा तर आडवं ड्रिलिंग करून ढकलावा लागतो. त्यासाठी रेल्वेच्या मंडल कार्यालयाकडे अर्ज, नकाशांची मंजुरी, देखरेखीचं शुल्क, जागावापराचं शुल्क, आणि काम चालू असताना गाड्यांना वेगमर्यादा. एका पाइपासाठी वर्ष जाऊ शकतं. जुन्या वाहिन्या हलवायच्या असतील तर कलम १२ पालिकेच्या बाजूने आहे: रेल्वेने आधी सूचना द्यायची, पालिकेचा माणूस कामावर देखरेख करू शकतो आणि पुरवठा चालू ठेवण्याची व्यवस्था रेल्वेनेच करायची. पण वाहिन्या नेमक्या कुठे आहेत हे पालिकेने कळवलेलंच नसेल, तर खोदणाऱ्या यंत्राचा दात लागेपर्यंत कोणालाच पत्ता नसतो.

नाल्यांबद्दल तर पालिकेनेच बोलायला हवं. रेल्वे पूल आणि मोऱ्या साधारणपणे ५० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हिशेबाने आखते. तो हिशेब पाणलोटाचं क्षेत्र आणि जमिनीचा प्रकार यांवरून निघतो. नकाशात ज्या जागी शेत दिसतं तिथे आज काँक्रीट झालेलं असेल, तर पाणी मुरत नाही आणि तेवढ्याच पावसात नाल्याला जास्त लोंढा येतो. भराव म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला घातलेला बांधच. मागच्या मोठ्या पुरात पाणी कुठल्या भिंतीपर्यंत चढलं होतं, त्याच्या खुणा पालिकेकडे असतात. त्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसकट द्याव्यात. "पाणी साचते" एवढं लिहून अभियंत्याला काहीच करता येत नाही.

आता फाटक. जिथे गेट सिग्नलशी जोडलेलं असतं तिथे ते बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. म्हणजे गाडी जायला अर्धा मिनिट लागत असला तरी रस्ता त्याच्या कितीतरी आधीपासून अडतो. उड्डाणपूल मागायचा तर निकष आहे दिवसभरातल्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरची वाहन-एककं (प्रकारानुसार वजन देऊन मोजलेली वाहनं), आणि हा गुणाकार १ लाखावर जायला हवा. समजा आज ३० गाड्या आणि ३,००० एककं आहेत: ९०,०००, म्हणजे पूल नाही. नव्या सेवेच्या येऊन-जाऊन ४ गाड्या वाढल्या: ३४ × ३,००० = १,०२,०००. गाव तेच, रस्ता तोच, पण पुलाचा दावा उभा राहिला. ही आकडेमोड करून पाठवणं म्हणजे "रेल्वेला विरोध" असेल, तर मग गावाच्या बाजूने बोलणं कशाला म्हणायचं?

पूल मिळाला तरी तो कसा, हेही आत्ताच सांगावं लागतं. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या तळापर्यंत साधारण साडेसहा मीटर मोकळे लागतात. त्यावर तुळईची जाडी धरली की रस्ता ८ मीटरच्या वर जातो. ३० मीटरला १ मीटर असा चढ धरला तर दोन्ही बाजूंना अडीचशे मीटरच्या आसपास उतार होतो. एवढ्या लांबीत किती दुकानांचा दर्शनी भाग झाकला जाणार, सेवारस्त्याला जागा उरते का, हे टेप घेऊन मोजायचं काम आहे.

त्याऐवजी कमी उंचीचा भुयारी मार्ग सुचवला जातो, कारण तो स्वस्त आणि लवकर होतो. तिथे तीन गोष्टी तपासाव्यात. भुयाराच्या तळापेक्षा जवळच्या नाल्याचा तळ खाली आहे का? नसेल तर पाणी आपोआप निघणार नाही, पंप लागेल. आणि पावसात वीज गेली की पंपही बंद, म्हणून जनरेटरसह मागणी हवी. दुसरं, उतारांवर छप्पर आणि तोंडाशी उंचवटा, म्हणजे रस्त्यावरचं पाणी आत वाहणार नाही. तिसरं, अग्निशमन बंब, उसाचा ट्रॉलीभर ट्रॅक्टर आणि एसटी त्यातून जाते का. जात नसेल, तर फाटक कायमचं बंद झाल्यावर पलीकडच्या वस्तीला बंब किती किलोमीटरचा वळसा घालून येणार, तो आकडा पत्रात असलाच पाहिजे.

"खर्च सगळा केंद्राचा"

नेहमी तसं नसतं. अहिल्यानगर–बीड–परळी या सुमारे २६१ किलोमीटरच्या मार्गाचा निम्मा खर्च राज्याने उचलण्याचं ठरलं, तर वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गात राज्याचा वाटा ४० टक्के आहे. स्थानकाच्या हद्दीबाहेरचा पोचरस्ता, दिवे, रिक्षाथांबा, सांडपाणी यांचा भार बहुतेक वेळा पालिकेवरच येतो.

"वर पालिकेला कर"

मिळत नाही. घटनेचं कलम २८५ आणि रेल्वे कायद्याचं कलम १८४ यांमुळे रेल्वेच्या मालमत्तेवर एरवी मालमत्ता कर लागत नाही. मिळतो तो सेवाआकार, आणि तो दिलेल्या सुविधांनुसार मालमत्ता कराच्या ७५, ५० किंवा ३३⅓ टक्के.

"स्वागताचा ठराव करायचा सोडून"

स्वागताचा ठराव जरूर करावा. पण "सभा सहर्ष स्वागत करते" या ओळीवरून कोणताही अभियंता मोरी रुंद करत नाही. शिवाय २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीत, त्यामुळे महामार्गासारखी जनसुनावणी होत नाही. केंद्राने अधिसूचित केलेला 'विशेष रेल्वे प्रकल्प' असेल तर जमिनीत हितसंबंध असलेल्यांना रेल्वे कायद्याच्या कलम २०ड खाली भूसंपादनाच्या अधिसूचनेपासून ३० दिवसांत हरकत घेता येते. भाडेकरू, पलीकडच्या वस्तीतली शाळकरी मुलं, फाटकावर अडकणारी रुग्णवाहिका यांच्या वतीने त्या टप्प्यावर कोणीच बोलत नाही. ते पालिकेनेच बोलायचं असतं, आणि मार्गाची आखणी कायम होण्याआधी, म्हणजे अंतिम स्थान सर्वेक्षण चालू असतानाच.

तेव्हा पालिकेच्या पत्राबद्दल विचारायचंच असेल तर मुख्याधिकाऱ्यांना हे विचारा: पत्रासोबत विकास आराखड्याचा नकाशा जोडला का? रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या पट्ट्यात, जिथे बांधकामाला यापुढे रेल्वेची नाहरकत लागेल, तिथले किती भूखंड येतात ते मोजलं का? फाटकावरची वाहनमोजणी आठवडी बाजाराच्या दिवशीही केली का? आणि पत्राची पोच घेतली का, कोणत्या तारखेची?