मागून ओरडणारा

काल पुतण्याने घरच्या ग्रुपवर शेंगूनवरून (एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या ह्यूस्टन रॉकेट्सचा सेंटर, माझा लाडका) पुन्हा तेच टाकलं, "काका, तुमचा शेंगून बास्केट टाकेल, पण डिफेन्स शिकवून येत नाही, ते अंगातच असावं लागतं." पुरावा ठरलेला, आपला पंजाबचा सतनाम सिंग. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, डॅलसने ५२ व्या नंबरवर घेतलेला, सात फूट दोन इंच, पण एवढी उंची असूनही एनबीएत एकही मॅच खेळला नाही.

नागपुरात बसून यूट्यूबवर दहा मिनिटांच्या क्लिपा बघायच्या आणि निकाल द्यायचा! मी इथे ह्यूस्टनमध्ये रॉकेट्सचं २०-६२ वालं (२० जिंकल्या, ६२ हरल्या) सीझन टोयोटा सेंटरच्या वरच्या स्वस्त सीटवरून बघितलंय, शिवाय येता-जाता आय-१० हायवेचा ट्रॅफिक. तेव्हा शेंगून १९ चा. पिक अँड रोल (एकाने आडवं उभं राहून बॉलवाल्या गार्डला वाट करून द्यायची) आला की गार्ड बाजूने निघून जायचा आणि हा मागून हात मारून फाऊल करायचा. २०२३ ला उडोका कोच आला, त्याच्या आधीचं सीझन २२-६०, नंतरचं ४१-४१, मग ५२-३०. आता शेंगून छाती आडवी घालतो, हात सरळ वर ठेवतो, उडी कमी मारतो. मेम्फिसचा सेंटर मार्क गसोल कुठे उड्या मारायचा, तरी २०१३ चा एनबीएचा बेस्ट डिफेंडर झालाच ना. (त्याच २०२३ ला व्हॅनव्लीट आणि ब्रूक्स हे दोन मुरलेले खेळाडूही टीममध्ये आले होते, हे ग्रुपवर मी मुद्दाम लिहिलं नाही.)

पण क्लिपेत जे ऐकूच येत नाही ते बोलणं. बिग मॅन सगळ्यांच्या मागे असतो, अख्खं कोर्ट त्यालाच दिसतं, म्हणून स्क्रीन (तो आडवा उभा राहणारा) कुठून येतोय, स्विच करायचं, म्हणजे आपापला माणूस बदलायचा, की नाही, हे त्यानेच ओरडायचं, तेही अर्ध्या सेकंदात. तुर्कस्तानातून आलेल्या पोराला ते इंग्रजीत ओरडायचंय. चुकीचा शब्द गेला तर? मी इथल्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये पहिली दोन वर्षं तोंडच उघडलं नाही, समोर चूक दिसत असायची तरी. मॅनेजरने रिव्ह्यूमध्ये लिहिलं, 'पॅसिव्ह'. नागपूरला शिवाजीनगरच्या कोर्टवर माझा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. म्हणून त्या पोराला कोणी 'स्लो' म्हटलं की माझं डोकं जरा जास्तच तापतं, हे मान्य.

डिसेंबरात नागपूरला घरी गेलो तेव्हा पुतण्या आणि त्याच्या मित्रांबरोबर खेळलो. मागे उभा राहिलो आणि जोरात ओरडलो, "स्क्रीन लेफ्ट! आय गॉट यू!" सगळे थांबून बघायला लागले, एकजण म्हणाला, "काका, मराठीत बोला ना." मला मराठीत आम्ही काय ओरडायचो तेच आठवेना.

पुतण्या तेवढ्यात लेअप टाकून मोकळा झाला.