स्ट्रासबर्गला बसवलं म्हणून वॉशिंग्टन हरलं?

ऑक्टोबरात बेसबॉलचे प्लेऑफ सुरू झाले की एक किस्सा दरवर्षी नव्यानं फिरायला लागतो. अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गप्पांत मी तो ऐकलाय. अलीकडे क्रिकेटमधल्या ‘वर्कलोड’च्या वादातही तो दाखला म्हणून पुढे केला जातो. किस्सा असा: २०१२ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स हा साऱ्या मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधला, सर्वाधिक सामने जिंकलेला संघ होता. स्टीफन स्ट्रासबर्ग हा त्यांचा सर्वांत भेदक तरुण पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) ठणठणीत होता. तरीही ‘हात जपायचा’ म्हणून त्याला सप्टेंबरातच घरी बसवलं. संघ प्लेऑफच्या पहिल्याच मालिकेत सेंट लुइस कार्डिनल्सकडून हरला. पुढे त्याचा हात गेला तो गेलाच. थोडक्यात, व्यवस्थापनाच्या भित्रेपणामुळे विजेतेपदही हुकलं आणि हातही वाचला नाही.

ऐकायला फक्कड आहे. फक्त त्या मालिकेची धावपत्रकं समोर घेऊन बसलं की त्यातलं बरंच काही टिकत नाही.

आधी पार्श्वभूमी. २००८ आणि २००९ या दोन्ही हंगामांत नॅशनल्स शंभराहून जास्त सामने हरले होते. तेव्हा तळाला राहिलेल्या संघाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिली निवड मिळायची. त्यातून २००९ मध्ये स्ट्रासबर्ग आला, पुढच्या वर्षी ब्राइस हार्पर. ८ जून २०१० रोजी स्ट्रासबर्ग पहिल्यांदा मेजर लीगमध्ये उतरला आणि त्यानं पिट्सबर्गविरुद्ध १४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून फलंदाजाला बाद करणं) काढले. ऑगस्टमध्ये कोपराचं लिगामेंट फाटलं आणि सप्टेंबरमध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. या शस्त्रक्रियेत फाटलेल्या लिगामेंटच्या जागी शरीरातलाच दुसरीकडचा टेंडन बसवतात. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरवर ती पहिल्यांदा केली, म्हणून हे नाव. स्ट्रासबर्ग साधारण वर्षभरानं परतला. २०११ मध्ये मेजर लीगमध्ये त्याच्या जेमतेम २४ इनिंग झाल्या. (इनिंग म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा डाव; सामन्यात असे नऊ.) २०१२ चा हंगाम सुरू होण्याआधीच जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी सांगून ठेवलं होतं की याच्या इनिंगना मर्यादा राहील. नेमक्या आकड्यावर ते बोलत नसत, चर्चा मात्र १६० च्या आसपासची होती. तो १५९ आणि एक तृतीयांश इनिंगवर थांबला. तोवर त्याच्या नावावर १५ विजय, ६ पराभव आणि १९७ स्ट्राइकआउट होते.

आता एकेक दावा घेऊ.

“तो असता तर कार्डिनल्सविरुद्धची मालिका जिंकलीच असती.”

पाच सामन्यांची मालिका होती. पहिला सामना वॉशिंग्टननं ३-२ असा जिंकला, म्हणजे तिथं प्रश्नच नाही. चौथा २-१ असा जिंकला. जेसन वर्थनं नवव्या इनिंगमध्ये आपल्या पाळीच्या तेराव्या चेंडूवर होम रन मारला तोच हा सामना. गंमत म्हणजे त्या दिवशी पिचिंगला होता रॉस डेटवायलर. स्ट्रासबर्ग खेळता असता तर रोटेशनमधून, म्हणजे सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरांच्या क्रमातून, बाहेर बसण्याची पाळी ज्याच्यावर यायची, तो हाच. त्यानं सहा इनिंगमध्ये एक धाव दिली, तीही क्षेत्ररक्षणातल्या चुकीमुळे.

तिसरा सामना ०-८ असा गेला. एडविन जॅक्सननं पाच इनिंगमध्ये चार धावा दिल्या हे खरं. पण आपल्या फळ्यावर शून्य लागलेलं असताना पिचर कोणीही आणा, सामना जिंकता येत नाही. हार्परनं त्या मालिकेत फलंदाजीच्या २३ पाळ्यांत तीन हिट काढल्या. यात स्ट्रासबर्गनं काय करायचं होतं?

दुसरा सामना ४-१२. जॉर्डन झिमरमन तीनच इनिंग टिकला आणि पाच धावा देऊन गेला. इथं मात्र दावेदारांचं म्हणणं मला पटतं. त्या जागी स्ट्रासबर्ग असता तर सामना वेगळा झाला असता. २ सप्टेंबरला याच कार्डिनल्सविरुद्ध त्यानं सहा इनिंगमध्ये एकही धाव दिली नव्हती.

खरी जखम आहे ती पाचव्या सामन्याची, १२ ऑक्टोबर २०१२ च्या रात्रीची. तीन इनिंगनंतर वॉशिंग्टन ६-० असं पुढे होतं. सुरुवात करणारा जिओ गोन्झालेस पाच इनिंगनंतर गेला तेव्हा ६-३. सातव्या इनिंगमध्ये ६-४, आठव्यात टायलर क्लिपर्डवर होम रन बसला आणि ६-५. वॉशिंग्टननं एक धाव वाढवून ७-५ केलं. नववी इनिंग ड्रू स्टोरेनकडे होती. दोन बाद झाले, दोन वेगवेगळ्या फलंदाजांविरुद्ध तो विजयापासून एका स्ट्राइकवर आला, दोघांनाही त्यानं चार चुकीचे चेंडू (बॉल) टाकून पहिल्या बेसवर फुकट जाऊ दिलं. मग डॅनियल डेस्काल्सो आणि पीट कोझमा यांनी लागोपाठ दोन-दोन धावा काढल्या. ९-७. खेळ खलास.

म्हणजे निर्णायक सामन्यात सुरुवातीचा पिचर गेला तेव्हा संघ तीन धावांनी पुढे होता, आणि पुढच्या सहा धावा बुलपेनच्या, म्हणजे सामन्याच्या मधून येणाऱ्या पिचरांच्या, पिचिंगवर गेल्या. यावर उत्तर येतं की स्ट्रासबर्ग असता तर तो जास्त वेळ टिकला असता, बुलपेनपर्यंत गोष्ट गेलीच नसती. २०१२ मध्ये त्यानं २८ सामन्यांत १५९ इनिंग टाकल्या. भागाकार केला तर सामन्यामागे पावणेसहाही भरत नाहीत. त्या दिवशी तो उतरला असता तरी शेवटच्या इनिंग दुसऱ्याच कोणाच्या हातात गेल्या असत्या, आणि नववीला बहुधा स्टोरेनच दिसला असता.

त्याच्या असण्यानं मालिका जिंकण्याची शक्यता वाढली असती, एवढं मी बिनशर्त मान्य करतो. ‘जिंकलीच असती’ ही निव्वळ भर आहे. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह पाचपैकी तीन कसोटी खेळला आणि भारतानं जिंकलेल्या दोन्ही कसोट्या तो नसतानाच्या होत्या. म्हणून बुमराह नसलेला बरा, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. एखादा खेळाडू नव्हता आणि एक निकाल लागला, यातून कारण सिद्ध होत नाही. ते दोन्ही बाजूंनी होत नाही.

“तो त्या वेळी भरात होता.”

वर दिलेल्या कार्डिनल्सविरुद्धच्या सामन्यात होता. त्यानंतरच्या, म्हणजे ७ सप्टेंबरच्या शेवटच्या सामन्यात मायामीनं त्याला तीन इनिंगमध्येच पाच धावा चोपल्या. ऑक्टोबरात यातला कुठला स्ट्रासबर्ग उतरला असता, कोण जाणे.

“बसवायचंच होतं तर एप्रिलमध्ये बसवायचं. इनिंग ऑक्टोबरसाठी राखायच्या.”

सगळ्या आक्षेपांतला हा सर्वांत वजनदार. तो टाकून देण्यासारखा नाहीच. त्याच वर्षी, त्याच विभागात अटलांटानं नेमकं हेच केलं. क्रिस मेडलेनचीही टॉमी जॉन शस्त्रक्रिया २०१० च्या ऑगस्टमध्येच झालेली. अटलांटानं त्याला आधी बुलपेनमध्ये वापरलं आणि ३१ जुलैपासून सामन्याची सुरुवात करायला पाठवलं. हंगामाअखेर त्याचे १० विजय आणि एक पराभव होता. नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी १.५७. हे आकडे पाहून वॉशिंग्टनच्या चाहत्याला चरफडल्यासारखं झालं तर नवल नाही.

पण मग ऑक्टोबरात काय झालं? राखून ठेवलेला मेडलेन वाइल्ड कार्डच्या, म्हणजे पुढच्या फेरीत शिरण्यासाठीच्या, एकमेव सामन्यात उतरला आणि अटलांटा ३-६ असं हरलं. कोणाकडून? याच कार्डिनल्सकडून. अटलांटाच्या चिपर जोन्सची चुकलेली फेक आणि तो गाजलेला इनफिल्ड फ्लायचा निर्णय (चेंडू जमिनीवर पडूनही पंचांनी अटलांटाचा फलंदाज बाद दिला) हे सगळं त्यात आलंच. मार्च २०१४ मध्ये मेडलेनच्या कोपरावर दुसऱ्यांदा टॉमी जॉन झाली. यावरून अटलांटाची योजना चूक होती असं मी म्हणत नाही. पण ‘साधा सरळ उपाय समोर होता आणि तो हमखास चालला असता’ हा जो सूर लावला जातो, त्याला या उदाहरणाचा आधार मिळत नाही.

शिवाय मेडलेन बुलपेनमधून येण्याला सरावलेला होता. स्ट्रासबर्ग नव्हता. कारकिर्दीत नियमित हंगामाचे २४७ सामने तो खेळला आणि सगळ्या २४७ मध्ये पहिला चेंडू त्यानंच टाकला. शस्त्रक्रियेतून उठलेल्या पिचरला दर पाच दिवसांनी चेंडू द्यायचा, मध्ये थांबवून पुन्हा सुरू करायचं नाही, ही रिझो यांची भूमिका होती. ती चर्चा करण्याजोगी आहे, मूर्खपणाची नाही.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. पिचर सप्टेंबरात थांबणार हे फेब्रुवारीत ठाऊक असलेल्या संघानं जुलैअखेरच्या ट्रेडच्या (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) मुदतीपर्यंत पिचिंगसाठी मोठं काहीच केलं नाही. त्या जुलैमध्ये झॅक ग्रेन्की हा पिचर एंजल्स संघाकडे गेला, रायन डेम्पस्टर टेक्सासकडे. नववी इनिंग कोणी टाकायची हाही प्रश्न वर्षभर लोंबकळत होता. स्टोरेनच्याच कोपराची एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली होती आणि तो जुलैत परतला होता. मधल्या काळात ब्रॅड लिज, हेन्री रॉड्रिगेझ, मग क्लिपर्ड असं चाललं होतं. हरल्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये नॅशनल्सनी राफाएल सोरियानो या क्लोझरशी (शेवटची इनिंग टाकणाऱ्या पिचरशी) दोन वर्षांचा, २ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. कुठं दुखत होतं हे संघाला कळलं होतं, तीन महिने उशिरानं.

“स्ट्रासबर्गचा एजंट स्कॉट बोरास यानं डाव साधला.”

बोरास बोलले भरपूर, त्यात वाद नाही. पण झिमरमन त्यांचा खेळाडू नव्हता. त्याचीही २००९ मध्ये टॉमी जॉन झाली होती आणि त्यालाही २०११ मध्ये १६१ इनिंगनंतर असंच थांबवलं होतं. तेव्हा संघ प्लेऑफच्या आसपासही नव्हता, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. स्ट्रासबर्ग स्वतः या निर्णयावर चिडला होता आणि त्यानं ते लपवलंही नाही.

“हात शेवटी गेलाच, मग जपून काय मिळालं?”

२०१४ मध्ये २१५ इनिंग आणि २४२ स्ट्राइकआउट. २०१७ मध्ये १५ विजय आणि सरासरी २.५२. त्याच वर्षी शिकागोत, आजारी असताना, प्लेऑफच्या चौथ्या सामन्यात सात इनिंग, १२ स्ट्राइकआउट, शून्य धावा. २०१९ मध्ये २०९ इनिंग आणि १८ विजय. मधल्या वर्षांत दुखापती झाल्या, बऱ्याच झाल्या. पण २०१० मध्ये बसवलेलं कोपराचं लिगामेंट पुन्हा फाटलं नाही. त्याला संपवलं ते थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमनं. यात गळ्याजवळचं हाड (कॉलरबोन) आणि पहिली बरगडी यांच्या मधल्या जागेत नसा किंवा रक्तवाहिन्या दाबल्या जातात. २०१९ नंतर तो जेमतेम आठ सामने टाकू शकला. (२०१२ च्या त्या तिसऱ्या सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध सुरुवात करून एकही धाव न देणाऱ्या क्रिस कार्पेंटरवर याच विकाराची शस्त्रक्रिया जेमतेम तीन महिन्यांपूर्वी झाली होती. बेसबॉलचा देव असलाच तर खोडकर आहे.)

आता न्यूयॉर्क मेट्सचा पिचर मॅट हार्वी याच्याकडे पाहू. त्याची टॉमी जॉन २०१३ च्या ऑक्टोबरमधली. २०१५ मध्ये त्याच्याही मर्यादेवरून रण माजलं, बोरास तिथंही होतेच. मेट्सनी त्याला थांबवलं नाही. नियमित हंगाम आणि प्लेऑफ मिळून २१६ इनिंग झाल्या. वर्ल्ड सिरीजच्या (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या) पाचव्या सामन्यात आठ इनिंग बिनधाव टाकून नवव्यासाठी तो हट्टानं मैदानात गेला, आघाडी गेली आणि सामनाही गेला. पुढच्याच जुलैमध्ये त्याच्यावर थोरॅसिक आउटलेटची शस्त्रक्रिया झाली. पूर्वीचा हार्वी नंतर दिसला नाही.

जपण्याच्या बाजूचे लोक हे उदाहरण विजयी मुद्रेनं देतात. मी देणार नाही. दोन पिचरांवरून शास्त्र ठरत नाही, आणि इनिंग हे मोजमापच ढोबळ आहे. एका इनिंगमध्ये आठ चेंडूही लागतात, पस्तीसही. १६० वर सुरक्षित आणि १९० वर धोका, असं दाखवणारी रेषा कोणी आखून दिलेली नव्हती. रिझोंचा निर्णय सावध अंदाज होता. पण ‘टाकू दिलं असतं तरी काही झालं नसतं’ हाही अंदाजच, आणि त्यात सावधपणा नाही.

आणि उलट बाजूचा दावा: “२०१९ नं रिझोंना बरोबर ठरवलं.”

हाही तितकाच फिरतो. २०१९ मध्ये नॅशनल्स वर्ल्ड सिरीज जिंकले आणि स्ट्रासबर्ग त्या सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या प्लेऑफमध्ये त्याचे पाच विजय आणि शून्य पराभव. कौतुक करावं तेवढं थोडं. पण २०१२ मध्ये आणखी चाळीसेक इनिंग टाकल्या असत्या तर सात वर्षांनी हे घडलं नसतं, हे कसं कळलं?

२०१९ मधून शिकायचंच असेल तर बुलपेनकडे पाहावं. त्या वर्षी वॉशिंग्टनच्या बुलपेनची सरासरी ५.६६ होती, नॅशनल लीगमध्ये सर्वांत वाईट. ही उणीव दोन प्रकारे झाकली गेली. वाइल्ड कार्डच्या सामन्यात स्ट्रासबर्गलाच कारकिर्दीत पहिल्यांदा मधून आणलं आणि त्यानं तीन इनिंग बिनधाव काढल्या. त्याआधी ३१ जुलैला रिझोंनी बुलपेनसाठी तीन पिचर आणले होते. त्यांतला डॅनियल हडसन टोरोंटोहून आला, मायनर लीगमधला एक तरुण पिचर देऊन. ज्याच्या नावाभोवती फार गाजावाजा नव्हता असा प्रॉस्पेक्ट. हडसनच्या कोपरावर दोनदा टॉमी जॉन झालेली होती. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्याची नववी इनिंग त्यानंच टाकली, आणि शेवटचा फलंदाज मायकल ब्रँटली त्याच्या चेंडूवर स्ट्राइकआउट झाला.