‘पोलिसांचा फोन आला नाही, म्हणजे प्रकरण मिटले’ : एका घातक सल्ल्याचा प्रतिवाद

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि मित्रमंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक सल्ला फिरतो आहे. आपल्याविरुद्ध किरकोळ मारहाणीची तक्रार होऊन पंधरा दिवसांत पोलिसांचा फोन आला नाही तर प्रकरण मिटले असे समजावे, स्वतःहून ठाण्यात गेल्यास आत टाकतात म्हणून जाऊ नये, आणि खबरदारी म्हणून समोरच्यावर उलट तक्रार ठोकावी, असे त्यात म्हटले आहे. आधीच झोप उडालेल्या माणसाला हा सल्ला खोटा धीर देतो आणि नको ती भीतीही घालतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते.

पंधरा दिवसांची अशी मुदत कोणत्याही कायद्यात नाही. साधी दुखापत हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 115(2) खालील गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तो अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. अशी तक्रार आली की पोलिस ‘एन.सी.’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवतात आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगतात. फौजदारी कामकाजाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 नुसार दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यांना तपासच करता येत नाही. त्यामुळे फोन न येणे हे अशा प्रकरणात अगदी नेहमीचे आहे, त्यात कोणताही छुपा डाव नसतो. मात्र त्यावरून प्रकरण संपले असे ठरत नाही. तक्रारदार नाशिकच्या सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) जवळच्या न्यायालयात घटनेपासून एका वर्षाच्या आत खासगी तक्रार दाखल करू शकतो, आणि शिवीगाळ करून चिथावल्याचे न्याय संहितेचे कलम 352 सोबत असेल तर ही मुदत तीन वर्षांची होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत अशा तक्रारीची दखल घेण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकण्याची तरतूद कलम 223 मध्ये आहे, म्हणजे कित्येक महिन्यांनी पहिली नोटीस पोलिसांऐवजी थेट न्यायालयाकडून येऊ शकते.

गुन्ह्याचे स्वरूप बदलू शकते, हेही त्या सल्ल्यात कुठे नाही. वैद्यकीय दाखल्यात हाड मोडल्याचे किंवा दात पडल्याचे आले, अथवा जखमी पंधरा दिवस नेहमीची कामे करू शकला नाही, तर ती गंभीर दुखापत ठरते, गुन्हा दखलपात्र (पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येतो असा) होतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. मारहाणीत घातक हत्यार वापरल्याचा आरोप असेल, तर साध्या दुखापतीचा गुन्हाही दखलपात्र आणि अजामीनपात्र होतो. म्हणूनच वाट पाहण्याच्या काळात पहिला प्रश्न ‘फोन कधी येणार’ हा नसून ‘नेमके काय नोंदवले आहे’ हा असला पाहिजे.

त्याचे उत्तर ठाण्यातच मिळते, आणि तिथे जाणाऱ्याला आत टाकतात हे खरे नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्णेश कुमार प्रकरणात 2014 मध्ये बजावले आहे. अटकेची गरज नसेल तेव्हा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची लेखी नोटीस देऊन हजर राहण्यास सांगावे लागते. ती व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, हे न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले. भांडण पुन्हा पेटेल असे पोलिसांना वाटल्यास प्रतिबंधात्मक कारवाई होऊ शकते, हे मात्र खरे आहे. शहरात अशा कारवाईची, म्हणजे ‘चॅप्टर’ची, नोटीस सहायक पोलिस आयुक्तांच्या कार्यालयातून येते आणि शांतता राखण्याचे बंधपत्र मागितले जाते. म्हणून वकिलाला सोबत घेऊन जावे, एन.सी.चा किंवा गुन्ह्याचा क्रमांक लेखी अर्ज करून मागावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

उलट तक्रारीचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. स्वतःला खरोखर इजा झाली असेल तर तक्रार अवश्य करावी, पण त्याच दिवशीचा वैद्यकीय दाखला हवा. रचून दिलेली खोटी माहिती हा न्याय संहितेच्या कलम 217 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्यापेक्षा शेजारच्या दुकानातील सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्याआधी जपून ठेवण्याची लेखी विनंती करावी आणि साक्षीदारांची नावे टिपून ठेवावीत. तडजोड करायची असेल तर साध्या दुखापतीचा गुन्हा जखमीच्या संमतीने मिटवता येतो. फक्त ती बोलणी वकिलांमार्फत व्हावीत, कारण आरोपीने स्वतः वारंवार फोन केल्यास त्यालाच धमकीचे रूप दिले जाऊ शकते.