ऑटोमाटा ‘फक्त पास होण्यापुरता’ विषय नाही

परीक्षा जवळ आली की इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. थिअरी ऑफ कम्प्युटेशन (ऑटोमाटा ज्यात शिकवतात तो विषय) नोकरीत कधीच लागत नाही, रेजेक्स (मजकुरात शोधायचा नमुना लिहायची पद्धत) येत असेल तर ऑटोमाटा (ठरावीक अवस्थांमधून फिरणारी कल्पित यंत्रं; एक असेल तर ऑटोमॅटन) शिकायची गरज नाही, आणि पंपिंग लेमा (अशा यंत्राला काय ओळखता येत नाही हे दाखवायला वापरतात ते प्रमेय) घोकून लिहायचा. तिन्ही दावे चुकीचे आहेत. मधला तर महागात पडणारा.

आधी तोच घेऊ. 20 जुलै 2016 रोजी स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट 34 मिनिटं बंद होती. कारण काय, तर मजकुराच्या टोकाच्या मोकळ्या जागा छाटणारा एक रेजेक्स. एका पोस्टमध्ये सलग सुमारे 20,000 स्पेस आल्या आणि त्यांच्यापुढे दुसरंच अक्षर. रेजेक्स चालवणारं इंजिन पहिल्या स्पेसपासून निघालं, ओळ संपत नाही म्हणून मागे फिरलं, मग दुसऱ्या स्पेसपासून निघालं, मग तिसऱ्या. 20,000 अधिक 19,999 अधिक 19,998 असं करत तपासण्या 20 कोटींच्या घरात गेल्या. रेजेक्स लिहिणाऱ्याला रेजेक्स येतच होता.

हेच काम दोन अवस्थांचा ऑटोमॅटन करतो: ‘आत्ता स्पेस वाचली’ आणि ‘आत्ता दुसरं काही वाचलं’. पहिल्या अवस्थेत शिरताना ती जागा टिपून ठेवायची, बस. प्रत्येक अक्षर एकदाच वाचायचं, म्हणजे 20,000 स्पेसना 20,000 पावलं.

नोकरीत लागत नाही म्हणणाऱ्यांचा कोड रोज कंपायलरच्या लेक्सरमधून (कोडचे शब्द सुटे करणाऱ्या भागातून) जातो, आणि लेक्सर म्हणजे ऑटोमॅटनच. राबिन आणि स्कॉट यांनी 1959 मध्ये दाखवलं की नॉनडिटरमिनिस्टिक (एका अक्षरावर अनेक वाटा असणाऱ्या) यंत्राला जे ओळखता येतं ते डिटरमिनिस्टिक (एकच वाट असणाऱ्या) यंत्रालाही येतं. 1968 मध्ये केन थॉम्पसन यांनी सगळ्या संभाव्य अवस्था एकदम सोबत घेऊन शोधायची रीत मांडली. गो भाषेचं रेजेक्स पॅकेज आजही त्याच वाटेनं जातं.

राहिला पंपिंग लेमा. तो घोकावा लागतो हा शिकवण्याचा दोष; त्यामागची कल्पना साधी आहे. समजा कंसांची जोडी जुळते का हे पाहणारं पाच अवस्थांचं यंत्र आहे. त्याला नुसते उघडे कंस देत जा. शून्यापासून पाचपर्यंत सहा वेगळ्या संख्या, अवस्था पाचच. म्हणजे कुठल्या तरी दोन संख्यांना, समजा दोन आणि पाचला, यंत्र एकाच अवस्थेत असणार. आता दोन बंद कंस द्या. दोन्हीकडे उत्तर एकच येईल, आणि एकीकडे ते चुकेल. अवस्था कितीही वाढवा, युक्तिवाद तोच. म्हणून तर जेसन (JSON) या डेटा लिहायच्या पद्धतीचा पार्सर, म्हणजे तो वाचणारा प्रोग्राम, उघडे कंस लक्षात ठेवायला स्टॅक घेऊन बसतो.