पीएचडी करावी का? खानदेशी उमेदवारांसाठी मार्गदर्शन

एम.ई. झालं, जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात तास घेताय, पगार दोन-तीन महिने मागे चाललाय आणि आता डोक्यात पीएचडी घोळतेय? घोळू द्या. फक्त आधी एक तपासून घ्या: तुम्हाला खरोखरच कशाचं कुतूहल वगैरे नाही ना? असेल तर जपून. बाकी सगळी कारणं चालतात.

असोसिएट प्रोफेसर व्हायचंय? उत्तम. असिस्टंटला फर्स्ट क्लासची एम.ई. पुरते, वरच्या पायरीला पीएचडी लागते. एनबीएची, म्हणजे कोर्स तपासून मान्यता देणाऱ्या मंडळाची, कमिटी यायची आहे आणि प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये एकेकाकडे चष्म्यावरून बघून घेतलंय? हेही छान. लग्न जमत नाही? बायोडेटात ‘पीएचडी (चालू)’ लिहा, मुलीकडचे निदान फोन तरी उचलतील. आणि दारावरच्या पाटीत नावाआधी ‘डॉ.’ लागणार, याच्यापुढे तर दुसरं कारण शोधूच नये. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाई शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या, पण हा विषय प्रवेशाच्या मुलाखतीत काढू नका.

वेळेची चिंता नको. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, वर २ ची मुदतवाढ. बाईमाणूस असाल तर आणखी २, म्हणजे एकूण १०. सरकारने इतका मोठ्या मनाचा हिशोब दुसऱ्या कुठल्या बाबतीत केलाय? फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० आणि पुढे ४२,०००, फक्त ते महिन्याच्या महिन्याला येतील असं धरून हप्ते बांधू नका. पार्टटाइम करणार असाल तर कॉलेजची एनओसी लागते, आणि ती देताना प्राचार्य परीक्षा विभागाचं काम तुमच्या गळ्यात घालतील. घ्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी गेलात की ओट्यावरचे आबा हाक मारतील, “आजून शिकीच ऱ्हायना का रे भो?” उत्तर द्यायचं नसतं. पाया पडायचं आणि घरात शिरायचं.

गाइड निवडताना त्यांचं संशोधन वाचत बसू नका. जागा बघा. प्रोफेसरला ८, असोसिएटला ६ आणि असिस्टंटला ४ विद्यार्थी घेता येतात. जिथे जागा रिकामी तिथे तुमची आवड आपोआप निर्माण होते. गाइड पॉवर सिस्टिमवाले निघाले तर लहानपणापासून तुम्हाला पॉवर सिस्टिमच आवडायची.

आता विषय. इथे मात्र फार सांभाळायचं, कारण खानदेशात प्रश्न पायात येतात. एक उदाहरण देतो. यावल-रावेरकडे कुठल्याही मोटार वायंडिंगच्या दुकानात मे महिन्यात जा. बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास, आत व्हार्निशचा वास, दाराशी जळालेल्या मोटारी ओळीने पडलेल्या. कारागीर एक मोटार उघडतो: तीनपैकी दोन फेजच्या कॉइली कोळशासारख्या काळ्या, तिसरी कोरी करकरीत. तो मान वर न करता सांगतो, “लाईनचा एक फेज गेला व्हता.” दुसरी उघडतो, ती कंडेन्सर लावून दोन फेजवर रेटलेली. तिसरीत तिन्ही फेज होते, पण व्होल्टेज कमी-जास्त. हे तिसरं तुम्ही पुस्तकात शिकलेले आहात: व्होल्टेजमधला थोडासा असमतोल करंटमध्ये सहा ते दहा पट होऊन बसतो, आणि दर दहा अंशांच्या वाढीला इन्सुलेशनचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. शिवाय जमिनीतलं पाणी दरवर्षी खाली चाललंय, म्हणून मोटार आणखी खोल, केबल आणखी लांब, टोकाला व्होल्टेज आणखी पडलेलं. केळीला तर मे महिन्यात एक दिवसाचा खाडा चालत नाही.

अशा वेळी मनात ‘एकदा रिवाइंड केलेली मोटार नव्या मोटारीपेक्षा किती वीज जास्त खाते, आणि कशामुळे’ असलं काही येऊ लागलं तर तिथून तडक निघा. ऊसाचा रस प्या. या प्रश्नाला शेतात मीटर लावून दोन उन्हाळे बसावं लागेल, फीडरला लाइट रात्री असेल तर रात्री जावं लागेल, आणि एवढं करून उत्तर गाइडच्या अंदाजाविरुद्ध आलं तर? त्यापेक्षा सिम्युलेशन घ्या. सिम्युलेशनमधली मोटार कधी जळत नाही. शीर्षकात ‘नॉव्हेल’, ‘हायब्रिड’, ‘ऑप्टिमायझेशन’ आणि ‘मशीन लर्निंग’ हे चारही शब्द यायला हवेत, क्रम तुमच्या मर्जीचा. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती दाखवायची असते. तिथे ब्लॉक डायग्रामचा एक चौकोन जास्त झालेला दिसला पाहिजे.

शोधनिबंध छापल्याशिवाय प्रबंध नाही, ही सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढून टाकली. गाइडने काढलेली नाही. तेव्हा पैसे भरून आठवड्यात छापणारं जर्नल हाताशी ठेवा आणि गाइडचं नाव आधी टाका. मग दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य तपासणीचा रिपोर्ट. १० टक्क्यांपर्यंत माफ आहे. तुमचा येईल ३४. घाबरायचं नाही, रंगवलेली वाक्यं घेऊन बसायचं आणि ‘वाढ’ला ‘वृद्धी’ करतात तसं इंग्रजीत एकेक शब्द फिरवत जायचं. रात्री दोनपर्यंत ९ वर येतं. अर्थ किती टक्के उरला हे मोजणारं सॉफ्टवेअर अजून निघालेलं नाही.

शेवटी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. शक्यतो डिसेंबर-जानेवारीत घ्या, वांग्यांचा सीझन असतो. बाहेरचे परीक्षक एखादाच अवघड प्रश्न विचारतील: “याचा शेतकऱ्याला उपयोग काय?” ‘फ्यूचर स्कोप’ची स्लाइड उघडा आणि ती वाचून दाखवा. टाळ्या होतील. त्यानंतर सगळ्यांना मळ्यात न्यायचं: भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. पहिल्या घासाला परीक्षक थांबतील आणि विचारतील, हा धुरकट स्वाद येतो कुठून? पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाजलंय म्हटल्यावर ते ताट खाली ठेवतील. पऱ्हाट्याच का? लाकडावर का नाही? जाळ किती वेळ टिकतो, वांगं आत शिजतं तेव्हा साल का करपत नाही, ओल्या काड्यांनी काय होईल? गाइड सर काडी मोडून बघतील, विभागप्रमुख आईची पद्धत सांगतील, मळेवाला दोघांनाही चूक ठरवून पुन्हा एक वांगं जाळावर टाकून दाखवेल, आणि अर्धा तास सगळे त्याच्याभोवती उकिडवे बसलेले असतील.

त्या चर्चेत तुम्ही पडू नका. भाकरी वाढत राहा. पीएचडी मिळाल्याचं नोटिफिकेशन निघायचंय अजून.