१९४८ अधिक ८०: बेरीज बरोबर, शास्त्र चूक

रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर आमच्या नाशिकच्या शरणपुरातल्या, म्हणजे ख्रिस्ती वस्तीतल्या, एका मावशींनी मला बाजूला घेऊन मोबाईल पुढे केला. "हे वाच जरा. चोवीस महिन्यांची नवी भिशी सुरू होतेय. लावू की नको?"

मेसेज तोच, मंडळीच्या ग्रुपवर फिरणारा. अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल, ते १९४८ साली पालवलं. 'ही पिढी नाहीशी होणार नाही' असं प्रभू येशू म्हणाला, आणि स्तोत्र ९० प्रमाणे पिढी ८० वर्षांची. म्हणून २०२८ पर्यंत प्रभूचं पुनरागमन, त्याआधी ७ वर्षं जगावर महासंकट, आणि त्याच्याही आधी मंडळी, म्हणजे सगळे विश्वासणारे, स्वर्गात उचलली जाणार. खाली, 'दहा जणांना पाठवा.'

आधी वजाबाकी करू. २०२८ मधून ७ गेले, राहिले २०२१. ते वर्ष आलं आणि गेलं. आपण अजून इथेच, शरणपूर रोडच्या सिग्नलला उभे. मेसेज स्वतःच्याच हिशेबाने बाद होतो, पण पुढे ढकलताना एवढं कोण बघतं!

आता पिढी. स्तोत्र ९०:१० मध्ये माणसाच्या आयुष्याची ७० किंवा ८० वर्षं सांगितली आहेत, पिढीचं माप नाही. इस्राएलाची एक पिढी अरण्यात संपली ती ४० वर्षांत. १९४८ अधिक ४०, तोही हिशेब करून झालाय: अमेरिकेत एडगर व्हिझेनंट नावाच्या माजी इंजिनिअरने मंडळी १९८८ च्या सप्टेंबरात उचलली जाणार याची ८८ कारणं छापली. सप्टेंबर सरला, तेव्हा त्याने १९८९ धरलं. चाळीस फसले म्हणून आता ऐंशी.

अंजिराचं झाड म्हणजेच इस्राएल, असं मत्तय २४:३२ म्हणत नाही. लूक २१:२९ मध्ये तर अंजिराबरोबर 'सर्व झाडे' पाहायला सांगितलंय. ती सगळी कुठले देश? दाखला साधा आहे, आणि आपल्याकडच्या माणसाला तो कळायला पंडित लागत नाही. माझ्या मामांची निफाडकडे द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे फुगले की फूट येणार हे ते पैजेवर सांगतात. पण माल नेमका कोणत्या तारखेला निघेल विचारा, ते आभाळाकडे बघतात. शिवाय मत्तयाचा तो अध्याय सुरू होतो यरुशलेमच्या मंदिराच्या चिऱ्यांपासून, आणि मंदिर पडलं इ.स. ७० मध्ये, ऐकणाऱ्यांच्याच हयातीत. 'ही पिढी' म्हणजे ती पिढी, असं मानणारे अभ्यासक काही थोडेथोडके नाहीत.

"दिवस-घटका कळत नाही, पण वर्ष कळतं," ही पळवाट. प्रेषितांची कृत्ये १:७ ती बंद करते: काळ आणि समय पित्याने आपल्या अधिकारात ठेवले आहेत. मत्तय २४:३६ प्रमाणे पुत्रालाही जे ठाऊक नाही, ते ग्रुप अ‍ॅडमिनला कसं कळलं?

लढाया, भूकंप ही शेवटाची चिन्हं? मत्तय २४:६ वाचा: 'एवढ्यात शेवट नाही.'

"मंडळीची पहिल्यापासून हीच शिकवण," हेही खरं नाही. १ थेस्सलनीकाकरांस ४:१७ मध्ये आपण मेघांत घेतले जाऊ हे आहे, आणि ते मी मानतो. पण महासंकटाच्या सात वर्षं आधी गुपचूप उचललं जाणं ही मांडणी रुजवली जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने १८३० च्या दशकात, आणि घरोघर नेली १९०९ च्या स्कोफील्ड बायबलने, म्हणजे टिपांसह छापलेल्या बायबलने. आपलं शरणपूर १८५० च्या दशकात वसलं. म्हणजे ही शिकवण आपल्या वस्तीहून फार तर वीसेक वर्षांनी थोरली.

मावशींना मी १८४४ ची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्यासाठी २२ ऑक्टोबर धरला होता. काहींनी शेतातले बटाटेही काढले नाहीत. २३ तारीख उजाडली, बटाटे जमिनीतच. पौलाने थेस्सलनीकातल्या रिकामटेकड्यांना काम करा, आपलीच भाकर खा, असं बजावलं होतं, तेही सांगितलं.

"म्हणजे भिशी लावू?"

"लावा."

त्यांनी मोबाईल पिशवीत टाकला. "लावते. पण पहिली मीच उचलणार. मंडळी केव्हा का उचलली जाईना."